काळ्या टोपीचं अस्तर उलटून पाहा



गेल्या रविवारच्या आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत मी एकटी पडले. ज्या हजर होत्या त्यांना माहीत आहे. ज्या नव्हत्या त्यांच्या कानावर काहीतरी तिखटमीठ लावून गेलंच असेल. म्हणून काय झालं ते आधी सांगते आणि मग माझं उत्तर. बैठकीत मला पटकन बोलता येत नाही. माझी उत्तरं मला घरी आल्यावर, पोळ्या लाटताना सुचतात.

विषय होता महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीचा. यंदा सगळ्या पुरुषांनी एकसारखं दिसावं, पांढरा कुर्ता-पायजमा आणि डोक्यावर "आपल्या वाडवडिलांची काळी टोपी", असं ठरत होतं. दीडशे टोप्या लागणार. देणगीदारही तयार होते. टेबलावर दोन नमुने ठेवले होते. एक स्वस्तातली, हात लावताच कळावं की सिंथेटिक. दुसरी काळीभोर, मऊ, उजेडात धरली की मखमलीसारखी झाक मारणारी. दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, ती दुसरी असली फेल्ट आहे. हल्लीचा नकली माल नाही." झालं, सगळ्यांचे हात दुसऱ्या टोपीकडे.

मी विचारलं, "असली म्हणजे कशाची?"

"फरची, ताई. म्हणून तर फिनिशिंग बघा."

"फर कशाची?"

"सशाचीच असते बहुतेक."

क्षणभर शांतता झाली. मग एक वयस्कर भाभी म्हणाल्या, "आपण थोडेच मारलेत ते ससे? आपले सासरे, आजेसासरे जन्मभर अशीच टोपी घालून स्थानकात गेले. ते काय कमी धर्माचे होते?" आणि एक नवी सूनबाई हसत म्हणाली, "काकी, तुम्ही टोपीतसुद्धा जीव शोधता!"

हो, शोधते. आणि शोधलाच पाहिजे असं माझं म्हणणं आहे. बिस्किटाचा पुडा घेताना आपण चष्मा लावून बारीक अक्षरं वाचतो. जिलेटिन आहे का, अंडं आहे का, हिरवा ठिपका आहे का. पण हिरवा ठिपका खाण्याच्या पाकिटावर असतो, टोपीवर नसतो. टोपीवर असतं फक्त फिनिशिंग. या फिनिशिंगबद्दलच मला बोलायचं आहे, कारण माझ्या मते सगळी लबाडी तिथेच आहे.

आमच्या घरी आजेसासऱ्यांची काळी फेल्ट टोपी आहे. तेव्हा भोकरदन निजामाच्या राज्यात होतं. सरकारी कचेरीत रुमी टोपी दिसायची, आणि पेढीवर बसणारे आपले लोक पगडी सोडून काळ्या टोपीकडे वळले होते. ती टोपी मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांभाळते आहे. दर दिवाळीला ट्रंकेतून काढायची, मऊ कपड्याने पुसायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, नमस्कार करून परत ठेवायची. इतक्या वर्षांत मी ती कधी उलटी करून पाहिली नव्हती. रविवारी रात्री पाहिली. आत कपाळाला टेकते तिथे चामड्याची पट्टी आहे. घामाने काळी पडलेली, पण चामड्याचीच. ज्या माणसाने जन्मभर चामड्याची चप्पल घालून स्थानकाची पायरी चढली नाही, त्याच्या कपाळाला रोज चामडं टेकत होतं. त्यांना ते माहीत नव्हतं असंच मी मानते. पण माहीत का नव्हतं, हा खरा प्रश्न आहे.

आता फेल्ट म्हणजे काय ते आपल्या घरच्या भाषेत सांगते. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, वॉशिंग मशीनमध्ये टाकला की काय होतं? आटतो, घट्ट होतो, विणकाम दिसेनासं होतं. आपण कपाळावर हात मारतो. पण ते आटणं, केसात केस अडकून एकजीव होणं, म्हणजेच फेल्ट. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत गुंततात. ना सूत, ना माग.

लोकरीचं फेल्ट स्वस्त आणि जाडंभरडं. चांगल्या टोपीला लागायची फर, म्हणजे केसाळ कातडीवरचे आतले मऊ केस. आधी उत्तर अमेरिकेतला बीव्हर नावाचा पाण्याकाठचा प्राणी मारला जायचा. तो मारून मारून दुर्मिळ झाला, तसा ससा आला. मेंढीची लोकर कातरून घेतात आणि मेंढी चरायला जाते. तिलाही त्रास होतो, नाही असं मी म्हणत नाही. पण टोपीसाठी सशाची कातडीच काढतात आणि तिच्यावरचे केस यंत्राने उतरवतात. तिथे ससा उरत नाही.

सशाचा केस गुळगुळीत असतो. तो लोकरीसारखा आपोआप गुंतत नाही. म्हणून कातडीवर पारा आणि नायट्रिक अॅसिडचं पाणी ब्रशने लावायचे. त्याने केसांची टोकं नारिंगी व्हायची, गाजराच्या रंगाची. म्हणून इंग्रजीत त्या कृतीचं नावच गाजरावरून पडलं. नाव कसं गोड! आणि आत पारा.

पुढची गोष्ट १९व्या शतकातल्या यंत्रांची आहे. मी ती मुद्दाम तपशिलात वाचली, कारण "फिनिशिंग बघा" हे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते.

यंत्रांच्या आधी फर पिंजायला टोपीवाले धनुष्य वापरायचे. आपल्याकडे पिंजारी दारात येऊन गादीचा कापूस पिंजायचा, तसंच. पिंजणीची तार छेडायची आणि केस भुरभुर उडून एका थरात बसायचे. १८४६ मध्ये अमेरिकेत हेन्री वेल्स याने यंत्राचं पेटंट घेतलं. तांब्याचा भोकं पाडलेला मोठा शंकू, आतून हवा ओढणारा पंखा, बाहेरून उडत येणारी फर. फर शंकूला चिकटायची, तिच्यावर गरम पाणी पडायचं आणि टोपीचा पहिला आकार तयार. हा शंकू होणाऱ्या टोपीच्या कितीतरी मोठा असतो. मग गरम पाण्यात लाटून लाटून तो आटवायचा. रंग द्यायचा. आणि ताठपणासाठी त्यात लाखेचं द्रावण मुरवायचं.

ही लाख कुठली? बरीचशी आपल्या हिंदुस्थानातली. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवरच्या बारीक किड्यांची. कोलकात्याच्या बंदरातून जहाजाने जायची आणि साहेबाच्या टोपीत ताठा होऊन परत यायची.

त्यानंतर फिनिशिंग. यॉन्कर्स नावाच्या गावात रुडॉल्फ आयकेमायर नावाचा जर्मनीतून आलेला हुशार यंत्रकार होता. १८६०च्या दशकात त्याने टोपी साच्यावर ताणून बसवणारं यंत्र केलं. त्याआधी माणूस वाफाळलेलं फेल्ट लाकडी साच्यावर ओढायचा आणि दोरीने आवळायचा. मनगटं आणि बोटं भाजून निघायची. यंत्राच्या लोखंडी फासळ्या टोपीचा माथा आणि कड एका दमात ताणू लागल्या. मग यंत्राने घासणं. फिरत्या साच्यावर टोपी चढवायची आणि वेगाने फिरणारा सॅंडपेपर तिला लावायचा, म्हणजे वर आलेले केस कापले जाऊन पृष्ठभाग मखमलीसारखा होतो. मग गरम इस्त्री, वाफ आणि साच्यात दाबून पक्का आकार. शेवटी रेशमी फीत आणि आतली चामड्याची पट्टी. ही फीत आणि पट्टी शिवायचं काम बहुतेक बायकांकडे असायचं. एवढी शिलाई मात्र सगळीकडे बाईच्या वाट्याला येते, नाही का?

अमेरिकेतल्या डॅनबरी या गावात १८८७च्या सुमारास ३० कारखाने वर्षाला ५० लाख टोप्या काढत होते. आपल्या भोकरदनसारखं एक गाव आणि ५० लाख डोकी झाकण्याची ताकद. हे यंत्रांनी केलं.

आता ते घासण्याचं यंत्र डोळ्यांसमोर आणा. पारा केसांत मुरलेला. सॅंडपेपर वेगाने फिरतोय. धूळ उडतेय. बाजूला वाफ आणि इस्त्री, म्हणजे पारा तापून हवेत. हिवाळा आहे, खिडक्या बंद. दहा-दहा तास तिथे उभा माणूस काय ओढत असेल छातीत?

न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या टोपी कामगारांच्या या आजाराबद्दल फ्रीमन नावाच्या डॉक्टरने १८६० मध्ये लिहून ठेवलं. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, लाळ गळायची, हातपाय थरथरायचे. पुढे माणसाचा स्वभावच बदलायचा. उगीच संतापायचा, नाहीतर चारचौघांत यायला घाबरायचा. डॅनबरीत या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं, "डॅनबरी शेक्स". कप हातात धरता येत नाही, सही करता येत नाही. आणि त्याच हातांनी घासलेली टोपी मात्र कशी? सुरकुती नाही, केस वर नाही, आरशासारखी.

मी बी.कॉम. आहे, १९८१ची, जालन्याची. संसारात ती पदवी दूधवाल्याच्या हिशोबापलीकडे फारशी लागली नाही. पण प्रोसेस कॉस्टिंग नावाचा एक धडा मला आजही आठवतो. माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो आणि प्रत्येक खातं आपला खर्च पुढे ढकलतं. सगळ्यात शेवटचं खातं फिनिशिंगचं. वाटेत थोडं वाया जातं, ते धरूनच चालायचं. त्याला म्हणतात "नॉर्मल लॉस". त्याची वेगळी किंमत लावत नाहीत. ते चांगल्या मालाच्या भावात गुपचूप मिसळून जातं.

टोपी कामगाराची थरथर हा त्या धंद्याचा नॉर्मल लॉस होता. ससाही नॉर्मल लॉस. लाखेचा किडाही. कुणाच्याच वहीत त्यांची वेगळी नोंद नाही. १८६० मध्ये डॉक्टर लिहून सांगतो आणि अमेरिकेत फर टोपीतला पारा बंद होतो १ डिसेंबर १९४१ला. ८१ वर्षं! पाऱ्याशिवाय दुसरी पद्धत नव्हती म्हणून नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून काम होतं, ते पुढे झालंच. पण गिऱ्हाईक विचारत नव्हतं. गिऱ्हाईक टोपी उजेडात धरायचं आणि म्हणायचं, वा, काय फिनिशिंग आहे!

म्हणून मी म्हणते, फिनिशिंग म्हणजे निव्वळ शोभा नाही. फिनिशिंग म्हणजे माल कुठून आला हे विसरायला लावणारी शेवटची पायरी. केस कापून टाकले की प्राणी दिसत नाही. वाफ निघून गेली की पारा दिसत नाही. फीत लावली की शिवण दिसत नाही. आणि आपल्या हातात येतं "असली".

कुणी म्हणेल, यंत्रं वाईट, हातचं चांगलं. मी तसं म्हणत नाही. पारा यंत्रांच्या आधीपासून होता. हाताने काम करणारेही थरथरत होतेच. आयकेमायरच्या यंत्राने कितीतरी मनगटं वाचवली असतील. त्याच यंत्राच्या पट्ट्यावर धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवता आला असता. काही ठिकाणी बसवलेही, पण उशिरा आणि अर्धवट. यंत्राला इच्छा नसते. ते मालक सांगेल ते लपवतं आणि गिऱ्हाईक मागेल तेवढंच दाखवतं. मी भांडते आहे ते गिऱ्हाइकाशी, म्हणजे तुमच्याशी आणि माझ्याशी.

आता धर्माकडे येते, कारण भाभींनी धर्म काढला होता.

आपण प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणतो तेव्हा १५ कर्मादानं येतात. श्रावकाने करू नयेत असे १५ धंदे. खरं सांगा, किती जणी अर्थाकडे लक्ष देऊन म्हणतो? मीही नाही. जीभ चालते आणि मन उद्याच्या भाजीत. रविवारी रात्री मी ती यादी टोपी समोर ठेवून वाचली.

दंतवाणिज्य. शब्द दाताचा आहे, पण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यात केस, नखं, हाडं आणि कातडीही धरली आहे, आणि ती जिथे निर्माण होतात तिथून घेणं दोषाचं मानलं आहे. टोपीची फर आणि आतली पट्टी इथे बसते. लाक्षावाणिज्य, लाखेचा व्यापार. टोपीचा ताठपणा इथे बसतो. विषवाणिज्य, विषाचा व्यापार. पारा इथे बसतो. यंत्रपीलनही यादीत आहे, पण ते तीळ-ऊस पिळण्याबद्दल आहे. त्यात टोपीचं यंत्र मी ओढूनताणून बसवणार नाही. तीन पुरेत. एका टोपीत तीन कर्मादानं!

"पण ती यादी धंदा करणाऱ्यांसाठी आहे, विकत घेणाऱ्यांसाठी नाही," असं कुणी म्हणेल. बरोबर. पण करणं, करवणं आणि अनुमोदन, हे तिन्ही आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. दीडशे टोप्यांची ऑर्डर हे करवणं नाही तर काय आहे? आणि भगवंतांच्या मिरवणुकीत त्या घालून मिरवणं हे अनुमोदन नाही तर काय?

यात आपलं गाव काही निराळं नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या १९७३च्या उत्खननात हस्तिदंताची कोरीव स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये तशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. अभ्यासक दोन्हींतलं साम्य दाखवतात आणि आपण अभिमानाने सांगतो की आमच्या गावची कला रोमपर्यंत पोचली. मीही नातवंडांना सांगते. पण त्या मूर्तीला जी झिलई आहे तिच्याखाली एक हत्ती आहे. ते मी नातवंडांना कधी सांगितलं नाही. आता सांगेन. अभिमान कमी होणार नाही, पण हिशोब पुरा होईल.

आता तुमचे आक्षेप, एकेक करून.

पहिला. वाडवडिलांनी घातली. हो, घातली. त्यांना आत काय आहे ते कळायची सोय नव्हती. माल दूरदेशी व्हायचा, मुंबईहून यायचा, झगमगीत डब्यात यायचा. आपल्या फोनवर दुकानदाराने दोन प्रश्नांत सांगून टाकलं. त्यांचं अज्ञान हा आपला परवाना नाही. आणि वाडवडिलांचा मान ठेवायचाच असेल, तर त्यांनी जे जाणूनबुजून पाळलं ते पाळू. रात्रीचं न जेवणं, पाणी गाळून पिणं. न कळत डोक्यावर आलं ते कशाला पुढे चालवायचं?

दुसरा. सिंथेटिक म्हणजे प्लास्टिक, ते तरी कुठे चांगलं? हे खरं आहे. म्हणून मी पहिल्या नमुन्याच्याही बाजूने बोलले नाही. दोन वाईटांतून एक निवडा असं कुणी आपल्याला सांगितलेलं नाही.

तिसरा, आणि हा मला सगळ्यात टोचला. "काकी, तुमच्या कपाटात रेशमी शालू आहे ना?" बैठक संपल्यावर जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं. आहे. लग्नातला आहे. रेशमाचा किडा उकळत्या पाण्यात मरतो हे मला चाळिशीत कळलं. त्यानंतर मी नवं रेशीम घेतलं नाही, पण तो शालू टाकवलाही नाही. लेकीच्या लग्नात नेसले. फोटो काढून घेतले. त्यामुळे मी स्वच्छ हाताने बोलते आहे असं समजू नका. पण ज्याचं एक खातं तोट्यात आहे त्याने दुसरं खातं तपासायचंच नाही, असा नियम कुठल्या वहीत आहे?

चौथा. इतकं पाहत बसलं तर जगणंच मुश्कील. सूनबाईच्या हसण्याचा अर्थ हाच होता, आणि तो रास्त आहे. स्वयंपाक, मुलं, सासूसासरे, नोकरी. त्यात कशाकशाचं अस्तर उलटायचं? मी सगळं सोडा असं म्हणत नाही. आपल्या धर्मात मर्यादा घालायची रीत आहेच. जमेल तेवढं आज, उरलेलं उद्या. पण टोपी ही गरज नाही. धान्य दळल्याशिवाय चूल पेटत नाही, टोपीशिवाय मिरवणूक निघते. जिथे सोडणं इतकं सोपं आहे, तिथेही सोडवत नसेल तर आपण अवघड जागी काय सोडणार?

मग घालायचं काय? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एकाने देऊन ठेवलं आहे. आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींच्या आठवणींत एक गंमत नोंदवली आहे. पांढरी टोपी ठरवण्याआधी गांधीजींनी देशभरातल्या टोप्यांचा एकेक करून विचार केला. कुठल्या पागोट्याला कापड फार लागतं, कुठली टोपी दिसायला वाईट. महाराष्ट्रातली "हंगेरियन" टोपी त्यांना त्यातल्या त्यात बरी वाटली, पण ती फेल्टची होती, म्हणून बाद. म्हणजे आपली हीच काळी टोपी! शेवटी काश्मिरी टोपीचा घाट घेतला आणि कापड सुती. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, पांढऱ्यावर दिसतो, म्हणून ती धुवावी लागते, हा त्यांना पांढऱ्याचा दोष नव्हे, गुण वाटला.

हे वाचून मी थांबलेच. मळ दिसतो, हा गुण! आपण सगळी उमर मळ दिसू नये म्हणून गडद रंग निवडण्यात घालवली. सुती पांढऱ्या टोपीला फिनिशिंग म्हणावं असं काही नसतं. घडी घाला, खिशात टाका, घरी धुवा. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत केलं तरी तेच कापड. तिला लपवायला काही नाही.

तर माझा ठराव असा आहे, आणि तो मी पुढच्या रविवारी लेखी देणार आहे. दीडशे टोप्या आपण शिवू. जालना जिल्हा कापसाचा, सुती कापड आपल्याला काय परकं आहे? एका मीटरमध्ये दोन-तीन टोप्या बसतात, मी जुन्या चादरीवर बेतून पाहिलं. मंडळात निदान दहा जणींकडे शिलाई मशीन आहे. दोन दुपारी बसलो तर काम होतं. देणगीदारांचे उरलेले पैसे जीवदयेच्या खात्यात टाकू, सशांच्या नावाने म्हणा हवं तर. पुरुषांना विचारायचीही गरज नाही. त्यांना टोपी दिली की ते घालतात. शंभर वर्षं आपण दिली तीच घालत आले आहेत, हाच तर सगळा घोळ आहे!

ठराव पडला तर पडला. मग माझ्या घरचे दोघे बोडक्याने चालतील. नाराज होऊन नव्हे, इतकंच.

आणि आजेसासऱ्यांची टोपी? ती मी टाकलेली नाही. टाकून ससा परत येत नाही आणि त्यांची आठवण मात्र जाते. फक्त यापुढे ती ट्रंकेत उलटी करून ठेवणार आहे, चामड्याची पट्टी वर. म्हणजे दर दिवाळीला झाकण उघडलं की आधी अस्तर दिसेल. माझ्यानंतर जी सून ती काढेल तिला विचारावं लागेल, ही अशी उलटी का ठेवली आहे? तिने विचारावं, एवढंच मला हवं आहे.

भाभी, तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता. आवाज चढला होता, ते माझं चुकलं. मुद्दा चुकला नाही. कुणाचंही मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

रविवारी येताना कात्री आणि मोजपट्टी घेऊन येते.